नुसतं बोलणं

१४ जुलै २०२५, सोमवार

कॅबमध्ये लिहितेय. हिंजवडीतून निघून चाळीस मिनिटं झाली, गाडी अजून तिथंच. अक्षर कसंही येतंय — येऊ दे.

दुपारी ऑफिसच्या नंबरवर फोन आला, नेमका मीच उचलला. भोसरीच्या सुमनताई. इतक्या शांत बोलत होत्या की आधी मला कळेचना काय सांगताहेत. त्यांची पिंकी अकरा वर्षांची. मोबाइलवर मासे पकडायचा एक गेम खेळायची. त्यात तिला कुणी 'दादा' भेटला. महिनाभर रोज बोलत होता. परवा शनिवारी त्याने तिला क्लास बुडवून एका मॉलच्या गेटपाशी बोलावलं. आणि ती गेली! वीस मिनिटं उभी होती. शेजारच्या बाईंनी ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं. तो आलाच नाही, की लांबून बघून गेला, देव जाणे. पोलिसांत तक्रार दिलीय त्यांनी.

"तुमच्या यादीत बघूनच दिला होता मॅडम मी," म्हणाल्या. "लहान मुलांसाठी असं हिरव्या अक्षरांत लिहिलंय तुम्ही."

आमची यादी. व्हिडिओ गेमची एवढी मोठी यादी मराठीत दुसरी नाही म्हणून मिरवतो आम्ही. प्रत्येक गेमपुढे चार खुणा — हिंसा, भीती, जुगार, गप्पा. 'गप्पा' म्हणजे खेळता खेळता अनोळखी माणसाशी बोलता येतं. ती खूण असली की गेम मुलांच्या यादीत येतच नाही.

फोन ठेवला आणि बघितलं. माशांच्या गेमपुढे 'गप्पा' नाही.

१५ जुलै, मंगळवार

खूण होती. दोन जूनला काढलीय. काढणारा धनेश, महाळुंगे.

आमच्याकडे खुणा लावणारे सगळे हौशी लोक. पगार नाही, काही नाही, आवड म्हणून घरून भरतात. हा धनेश मूळचा परभणीकडचा, महाळुंग्यात एका कारखान्यात मशीनवर असतो. शिफ्ट सुटली की बसतो. सहाशे गेम एकट्याने भरलेत, तेही एकही काना-मात्रा न चुकवता. त्या दिवशी त्याने एक्केचाळीस गेमची 'गप्पा' काढली. प्रत्येकापुढे कारण लिहिलंय — 'सूचना क्र. ७ प्रमाणे'.

सूचना क्रमांक सात मी लिहिलीय.

मे महिन्यात लोकांनी नुसता वैताग आणला होता. गेममधला राजा प्रधानाशी बोलला, लाव 'गप्पा'. बुद्धिबळ शिकवणारा घोडा 'शाब्बास' म्हणाला, लाव 'गप्पा'. चांगले चांगले गेम मुलांच्या यादीतून बाहेर! मग मी खुलासा टाकला — 'खेळात नुसतं बोलणं असेल तर गप्पा ही खूण लावू नये.' माझ्या डोक्यात राजा आणि घोडा. आता वाचते तर काय — नुसतं बोलणं. म्हणजे फोटो मागत नाहीत, पैसे मागत नाहीत, फक्त बोलतात. त्याने जे वाचलं तेच तिथं लिहिलंय!

आणि त्याचे एक्केचाळीस बदल मंजुरीला माझ्याकडेच आले होते. डबा खाता खाता 'सगळे मंजूर' दाबलं होतं मी. एकही उघडला नाही.

घरी आल्या आल्या लेकीचा, ओवीचा, टॅब घेतला. शाळेतून आल्यावर दोन तास एकटीच असते ती. विचारलं, "खेळताना कुणाशी बोलतेस का गं?" "नाही." "नक्की?" "शप्पथ, आई." माइक तर बंदच होता. मला एकदम हायसं वाटलं.

१६ जुलै, बुधवार

एक्केचाळीसही गेमना खूण परत लावली सकाळीच.

अकराला मीटिंग. श्रीपाद सरांनी विचारलं, "हे केलं कोणी?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "धनेश म्हणून एक आहे."

खोटं नाही ना हे? पण मला माहितीय मी काय केलं ते. सरांनी तिथल्या तिथे त्याचं खातं बंद करायला आणि पिंकीचं, पोलिसांतल्या तक्रारीचं त्याला कळवायला लावलं. पोलिसांनी नाव मागितलं तर द्यायचं, असंही ठरलं. सूचना सात कोणी उघडूनसुद्धा बघितली नाही.

साडेचारला मी ती गुपचूप बदलली. 'नुसतं'च्या जागी 'पात्रांचं' टाकलं. जुनं वाक्य पुसलं जात नाही, तारीख आणि नावासकट मागे राहतं. एक बटण दाबलं की कुणालाही दिसेल. सुमेधा, सुमेधा, काय करून बसलीस!

१७ जुलै, गुरुवार

कोणी काही विचारलं नाही. लिफ्टमध्ये सर नुसते 'काय गं' म्हणाले तर मी एक मजला आधीच उतरले.

१८ जुलै, शुक्रवार

धनेशचा फोन. नंबर कुठून मिळवला विचारायचं राहिलं. मागे मशीनचा आवाज चालू होता, जेवणाच्या सुट्टीत बोलत असणार.

मला वाटलं भांडेल. तर म्हणतो कसा, "ताई, माझं चुकलं. मला वाटलं, नुसतंच बोलायलेत, त्याला काय होतंय. तुमी लिहिलेलं मला नीट समजलं नाही." मग, "त्या लेकरानं जेवण-बिवण केलं का ताई?"

पाच दिवस झाले. पोलिसांत काय झालं, सरांना काय कळलं, माझं नाव कुठे आलं का — सगळं डोक्यात आलं, पण पिंकी जेवली का हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

शेवटी घाबरत घाबरत विचारलं त्याने, "पोलीस कंपनीत येतील का हो? इथं कंत्राटावर हाय मी. गेटवर पोलीस दिसले की दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतेत."

मी म्हणाले, "बघते."

१९ जुलै, शनिवार

अवधूतला सांगितलं. नवरा आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार? चहाचा कप तसाच हातात धरून सगळं ऐकलं त्याने, मग म्हणाला, "गप्प बस. त्याचं काय जातंय? तो काही तुमच्या पगारावर नाही."

माझं टाळकंच सटकलं. "त्याची आहे ती नोकरी जाईल," म्हटलं. "आणि ती माझ्या वाक्यामुळे जाईल."

"आणि तुझी गेली तर?"

मलाही तीच भीती आहे. पण त्याने उघड म्हटल्यावर ती ऐकायलाही घाण वाटली.

२० जुलै, रविवार

सरांना मेल केला. जुनं वाक्य, माझं नाव, तारीख, 'सगळे मंजूर', सगळं लिहिलं. दोनदा न पाठवताच बंद करून ठेवला होता. पाठवला मात्र.

मग सुमनताईंना फोन लावला. पिंकी अर्धी भाकरी खाते म्हणाल्या. बोलत नाही. काल एकच वाक्य बोलली — "दादाला माझा राग आला असेल का?"

२१ जुलै, सोमवार

सरांनी मेल दोनदा वाचला. "हे बुधवारीच सांगायला हवं होतंस, सुमेधा." तेवढंच. माझं काय करायचं ते शुक्रवारी सांगणार आहेत. धनेशचं खातं चालू झालं, पोलिसांना आता माझं नाव जाईल. जाऊ दे. घाबरले आहेच, पण आज निदान डबा खाल्ला.

सूचना सात नव्याने लिहायला बसले, या वेळी धनेशला फोनवर घेऊन. तो म्हणाला, "ताई, 'बोलणं' हा शब्दच काढा. त्यानंच घोळ होतोय." काढला. आता असं आहे — 'खेळणाऱ्याला अनोळखी खेळाडूशी कोणत्याही प्रकारे संपर्क करता येत असेल — आवाजाने, लिहून किंवा चित्र पाठवून — तर गप्पा ही खूण लावावीच.' धनेश म्हणाला, "घरात कुणा लहान लेकराला वाचायला द्या. त्याला कळलं तर समद्यांना कळंल."

छापून घेतलंय. ओवीला दाखवते.

२१ जुलै, संध्याकाळ

ओवीने कागद वाचला. परत वाचला. मग विचारलं, "आई, नुसतं लिहिलं तरी ते बोलणंच असतं का?"

मी म्हटलं, "हो."

ती रडायलाच लागली. "मग मी तुझ्याशी खोटं बोलले गं. मला माहीत नव्हतं."