कोतवालाच्या पोराची मिळकत

आज सकाळी तापानं फणफणलेल्या बाबांनी खाटेवरून काठी मागितली आणि ती त्यांच्याऐवजी मी हातात घेतली, तिथून माझं सगळं बदललं. म्हणून हे लिहितो.

मी पत्रू वल्द लटारू कोतवाल, वय वीस, राहणार मौजा मोहटोला, जिल्हा चांदा. कॉलेज अर्धवट सोडलेला, तरी डोकं ठिकाणावर असलेला (आई याला साक्ष देणार नाही). राजीखुशीनं लिहून ठेवतो की, मोहफुलं वेचायला गेलेल्या पोचूला आज पहाटे वाघानं मारलं. पोलीस येऊन पंचनामा करीपर्यंत प्रेताची राखण करणं हे कोतवालाचं काम. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, हेही सगळ्यांना ठाऊक. पोचूची माय आमच्या दारात येऊन म्हणाली, "माह्या पोराले जंगलात एकटा नका ठेवू जी." बाबा उठू लागले. मी त्यांना निजवलं.

तरी माझं काही बरंवाईट झाल्यास व्यवस्था अशी.

सायकल इथं शेजारी बसलेल्या माझ्या दोस्ताला, आरमोरीच्या नूरुद्दीनला. ती त्यानं आत्ताच घ्यावी आणि ठाण्यावर वर्दी द्यावी. त्याचे आजोबा चांद्याच्या कोतवालीत मुन्शी होते. मागे त्यानंच सांगितलं होतं, "कोट, म्हंजे किल्ला, सांभाळते तो कोतवाल, पत्रू. बादशाही जमान्यात पूर्ण शहर त्याच्या हाती. चोर, बाजार, रात की गश्त, सब."

"अन् आमच्या इथी दौऱ्यावर आलेल्या साहेबाची खाट उचलते तो?"

"शहराचं गाव झालं, घोड्याची काठी झाली. पहारा तर तोच हाय ना?"

वसतिगृहातल्या लखनौकडच्या सोबत्याची चादर माझ्याकडं राहिली आहे, ती त्याला पोचती करावी. बाप कोतवाल ऐकून त्यानं मला खिडकीजवळची खाट दिली होती. त्याच्या मुलखात कोतवाल म्हणजे शहर-पोलिसांचा मोठा अंमलदार. मग बाबा डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन अनवाणी आले आणि तो खदखदून हसला. मी त्याच्या थोबाडीत दिली नि कॉलेज सुटलं. चादर परत करतो. थोबाडीत परत घेत नाही.

नागपूरहून आणलेला हातआरसा सुगंधाचा. तिचे वडील दादाजी भर चावडीवर म्हणाले होते, "कोतवालाच्या घरी पोरगी देऊ? खाटा उचलाले?" त्यावरचा माझा राग कुणाच्याच नावे करत नाही. उद्या त्याच माणसाकडं मागणी घालायला जायचं आहे, तेव्हा तो इथंच संपवतो.

आत्ता सुगंधा भाकरी बांधून घेऊन आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "जाऊन राह्यला तं जा. पण परत येजो. लगीन व्हाच्या आंधी मले विधवा व्हाचं नाई."

मी म्हटलं, "तुझ्या बाबाले सांग."

"सांगूनच आली."

यापुढं मी बाबांच्या जागी कोतवालकी करणार, हे तहसीलदारसाहेबांनीही वाचावं.

घर बाबांचं, त्यावर मी काही लिहीत नाही. पुस्तकं गावाच्या शाळेला.

साक्षीदार: १. नूरुद्दीन (सही) २. मुखरू (निशाणी अंगठा)
लिहून देणार: पत्रू लटारू
मोहटोला, १२ एप्रिल १९५४

शेजारचे मुखरूभाऊ माझ्यासोबत यायला, वाघाला दूर ठेवायचे टेंभे नि ढोल घेऊन अंगणात उभे आहेत. "पत्रू, मृत्युपत्र लिवतस का पोथी, बाप्पा?" पोचू तिकडं एकटा आहे. निघतो. दार ओढून घेतो.