काकासाहेबाचं बी

२ मे २००८
घनसावंगीचं पहिलं मराठी ब्लॉग-संकेतस्थळ आज सुरू. मालक, चालक, संपादक सबकुछ मी. कुणीही माझ्या नेट-कॅफेत येऊन वहीच्या कागदावर मजकूर द्यायचा, मी टाईप करून त्याच्या नावाच्या ब्लॉगवर चढवणार. फुकट. शुद्धलेखन तपासून, तेही फुकट. इथल्या लोकांकडे विचार आहेत, भाषा नाही. ती मी देईन. दिवाळीपर्यंत शंभर ब्लॉग.

नीलाने विचारलं, लोकायनं काही उलटंसुलटं लिवलं तर? नीला पिंपळगाव रेणुकाईची. आधी 'लोकांनी' आणि 'लिहिलं' दुरुस्त केलं (लग्नाला अकरा वर्षं झाली, काम चालूच आहे). मग समजावलं, मी भिंत आहे. भिंतीवर कुणी काही लिहिलं म्हणून पोलीस भिंतीला नेत नाहीत. ती म्हणाली, बराबर. पटलेलं दिसलं.

१९ मे
एकूण ब्लॉग तीन. एक माझा. एक नीलाचा, तोही मीच लिहितो. तिसरा पुंजारामचा. शेती बघून आठवड्याला एक कागद आणून देतो. अक्षर बरं, भाषा अघोरी.
नेट रोज चार तास बंद. वाचक वाढवायचे म्हणून 'आठवड्याचा ब्लॉग' प्रिंट काढून स्टँडसमोरच्या फळ्यावर लावायचं ठरवलं. मार्केटिंग.

२६ मे, दुपारी
पुंजारामचा नवा कागद. त्याच्या गावात सगुणाबाई सरपंच झाल्या, त्याबद्दल. सगळ्यांनी त्या पडणार म्हणून सांगितलं होतं. शेवट असा : पेपरवाल्याचं खोटं निघालं, जोतिष्याचं खोटं निघालं, काकासाहेबाचं बी खोटं निघालं.
काकासाहेब म्हणजे बी-बियाण्यांचे दुकानदार. माझा गाळाही त्यांचाच. शेवटच्या वाक्याचा आधीच्या मजकुराशी संबंध लागेना. मी लावला. 'काकासाहेबांचे बियाणेही खोटे निघाले.' आता वाक्य कसं ठसठशीत झालं. फळ्यावर लावलं.

२९ मे
फळ्यापुढे गर्दी! माझं, म्हणजे पुंजारामचं लिखाण लोक उभं राहून वाचतात, हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. एकाने शेजाऱ्यालाही वाचून दाखवलं. मराठी वाचवायची तर अशी.

२ जून
काकासाहेब कॅफेच्या दारात आले. आत नाही आले. म्हणाले, तीस वर्षांत एका पिशवीची तक्रार न्हाई, अन् आज ऐन पेरणीच्या तोंडावर गिऱ्हाईक काउंटरवरून वापस चाललं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तरी त्यांना भिंतीचं समजावलं. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाले, भिंत तर माझी हाये.
तांत्रिकदृष्ट्या मी निर्दोष.

५ जून
नोटीस आली. अब्रुनुकसानी. लिहिणाऱ्यावर नाही, माझ्यावर! सोबत गाळा खाली करण्याची दुसरी. गाळा गेला तर कॅफे गेला, आणि कॅफे सोडून मला काही येत नाही असं नीला म्हणते. (येतं. व्याकरण येतं.)
अमेरिकेत ब्लॉग ठेवणाऱ्या कंपनीला लोकांच्या लिखाणाबद्दल जबाबदार धरत नाहीत, असं नेटवर सापडलं. अठरा पानांची प्रिंट काढली. आता निश्चिंत.

६ जून
नोटिशीला स्वतःच उत्तर लिहिलं. वकिलाची गरज काय? मी किती जबाबदार चालक आहे ते ठळकपणे मांडलं : 'आमच्याकडे कोणताही मजकूर मी स्वतः वाचून, तपासून, आवश्यक ते शब्द बदलून, मगच प्रसिद्ध करतो.' रजिस्टर पोस्टाने रवाना. एकही शुद्धलेखनाची चूक नाही.

९ जून
तरीही जालन्याला वकील बद्रीनाथ यांच्याकडे. नीलाने पाठवलं. त्यांनी अमेरिकेची अठरा पानं बाजूला ठेवली. म्हणाले, हे जालन्याच्या कोर्टात चालतं का? मग माझ्या उत्तराची प्रत वाचली आणि चष्मा काढला. म्हणाले, तुम्ही नुसती जागा दिली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. पण तुम्ही शब्द बदलता म्हणून स्वतःच लिहून बसलात. मुकुंदराव, भिंत व्याकरण तपासत नसते.
मूळ कागद आणा म्हणाले. त्यात हेच लिहिलेलं असेल तर पुंजाराम अडकेल, तुम्ही कदाचित सुटाल. परतीच्या जीपमध्ये बरं वाटत होतं. पुंजारामबद्दल थोडं वाईटही.

१० जून
मूळ कागद सापडला. नीलाला वाचून दाखवला. तिला हसू आवरेना, मग एकदम थांबली. म्हणाली, अहो, 'काकासाहेबाचं बी' म्हणजे काकासाहेबाचं पण. त्यांनी बी सगुणाबाई पडणार म्हणलं असंल.
मी म्हणालो, असा प्रयोग प्रमाण मराठीत नाही. ती म्हणाली, पुंजाराम कुठं प्रमाण मराठीत राहतो?

११ जून
पुंजारामला बोलावलं. तोही तेच म्हणाला. दुकानात चहा पिताना काकासाहेब म्हणले होते, बाई पडती. त्याचंच लिहिल्तं. बियाणं तर मी बी त्यांच्याकडूनच नेतो.
म्हणजे चाळीस दिवसांत या संकेतस्थळावर बदनामीचा एकच मजकूर आला, आणि तो लिहिणारा मी.
जेवलो नाही.

१६ जून
पुंजाराम आणि नीला दोघं काकासाहेबांकडे गेले होते. मी गेलो नाही, बोलण्यात दुरुस्त्या करीन म्हणून नीलाने येऊ दिलं नाही. काकासाहेबांनी कोर्ट सोडलं. गाळा सोडला नाही. महिनाअखेर खाली करायचा. आणि त्याच फळ्यावर माफी लावायची, पुंजारामच्या शब्दांत, माझा एकही शब्द न घालता.

३० जून
कॉम्प्युटर खोक्यांत भरले. गाळ्यात उद्यापासून काकासाहेब बियाण्याच्या पिशव्या ठेवणार. संकेतस्थळ बंद केलं. पुंजारामने विचारलं, आता मी कुठं लिहू? प्रिंटरमधले उरलेले कोरे कागद त्याला दिले.
माफी त्याने सांगितली, मी हाताने लिहिली. पेपरवाल्याचं चुकलं, जोतिष्याचं चुकलं. तिसऱ्या ओळीवर सवयीने 'माझेही' लिहून गेलो. नीला शेजारी उभी होती. मीच खोडलं.
माझं बी चुकलं.