बाबांच्या डब्यातले तेल

दादा,

नव्या ट्रकला आज चावी लावू नकोस. काल तू त्यात बाबांच्या डब्यातले तेल ओतलेस. सकाळी डिपस्टिक पाहिली, तर पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. आधीचे तेल काळे दिसले म्हणून घाबरलास ना? काजळी पोटात घेऊन काळे होणे हेच त्याचे काम आहे.

लांबच्या फेरीआधी बाबा आपल्या हाताने थोडे तेल घालत आणि कधी वाटेत अडकले नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मात्र त्यांच्या ट्रकला धुराचा फिल्टर नव्हता. नव्याला आहे, आणि डब्यातले ते जुन्या प्रकारचे तेल जळले की त्याची राख त्यात साचत जाते. काजळी जळते, राख जळत नाही. फिल्टर तुंबला की भरलेली गाडी चढावरच दम सोडेल.

"प्रयोगशाळेत बसून ट्रक चालत नाहीत, बाईसाहेब," असे तू म्हणालास. मान्य. वाद घालायचे त्राण माझ्यात उरलेले नाही. मेकॅनिक दुपारी येऊन सगळे तेल बदलतील. कमी राखेचे तेल जिन्याखाली ठेवले आहे. फेरी उद्यावर गेल्याचे मालवाल्यांना कळवले आहे. राग माझ्यावर काढ.

डबा फेकलेला नाही. मागे बाबांचा ट्रक उभा आहे, त्याला तेच तेल लागते. बाबा गेल्यापासून आपण दोघांनीही तो सुरू केलेला नाही. मी कामावरून आले की करू. उभे इंजिन अधूनमधून चालवावे लागते. कारण तेवढेच आहे.

धाकटी