घरी मोठ्याने वाचून दाखव

३ जुलै
नवी शाळा झकास आहे. खिडक्या मोठ्या, फळा स्वच्छ, मुलं आगाऊ. वह्या तपासायला यंत्र आहे. शिक्षकखोलीत त्याला ‘धाकट्या बाई’ म्हणतात. माझे जुने शेरे आणि तासांचं ध्वनिमुद्रण त्याला दिलं. आता ते माझ्यासारखे शेरे मारतं, खाली माझी सही करतं, पालकांच्या फोनवरून माझ्या आवाजात घरचा अभ्यासही घेतं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्ही आता नुसतं शिकवा. मी म्हटलं, तपासणं हेही शिकवणंच. ते हसले.

९ जुलै
धाकट्या बाईंनी एकाला सुनावलं, डोकं घरी विसरलास का! वाक्य माझं, आवाजही माझाच. वर्ग खिदळला, मीसुद्धा. मुंगी तेवढी हसली नाही. अक्षर मुंगीएवढं, म्हणून हे नाव. पोर हुशार आहे, पण शाळा सुटली तरी बाकावरून हलत नाही.

१४ जुलै
निबंध होता ‘माझे घर’. मुंगीने लिहिलंय, बाबा माझ्या खोलीला बाहेरून कडी लावतात, रडले तर दिवा काढून नेतात. माझ्या हाती येईपर्यंत निबंध तपासून झाला होता. दहापैकी दहा. ‘सुंदर वर्णन. घरी मोठ्याने वाचून दाखव.’ खाली माझी सही. आणि प्रत थेट पालकांना. त्या बापाला!
मुख्याध्यापकांपुढे कागद आपटला. म्हणाले, शुद्धलेखनाची एक चूक नाही, गुण योग्यच आहेत. मी विचारलं, पोरीने लिहिलंय काय, ते कुणी वाचलं का? त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

१५ जुलै
मुंगी आली नाही. मी पोलीस चौकीत गेले. त्यांनी शाळेला विचारलं. उत्तर धाकट्या बाईंनी धाडलं — विद्यार्थिनी आनंदी आहे. माझ्या सहीने! चौकीतला हवालदार मलाच म्हणतो, बाई, तुमचं नक्की एक काय ते ठरवा.

१६ जुलै
मुंगीचा घरून निबंध आला. ‘आमचे घर छान आहे.’ पानभर तेच वाक्य. शेरा — ‘प्रगती. आता आणखी मोठ्याने.’
हे माझं नाही. असं मी कधीच —

१७ जुलै
तिच्या दारात. भर दुपार. बेलला उत्तर नाही. शेजारीण पहार आणायला धावलीय, तोवर लिहितेय — सही माझी आहे, म्हणून साक्षही माझीच हवी.
आत मुंगी वाचतेय. पहिला निबंध. खरा. घसा बसलाय. थांबली की कुणी बाई दटावते — पुन्हा.
तो आवाज माझा आहे.
मी ओरडले, मुंगे, मी बाहेर आहे, थांब!
आतून मीच म्हणाले — लक्ष देऊ नकोस, बाई इथेच आहेत. हं, पुन्हा. पहिल्याप—