विहाराबाहेरची पाटी

आबा, विहाराबाहेर आता माहितीची पाटी लागली आहे. दिघीच्या फेरीबोटीसाठी आगरदांड्यात थांबलेले पर्यटक चढण चढून वर येतात आणि विचारत राहतात, चपला कुठे काढायच्या, फोटो काढले तर चालतील का, हे कोणी बांधलं. म्हणून कमिटीने पाटी करायची ठरवली आणि मजकूर माझ्याकडे दिला. मुंबईला एका संग्रहालयात मी हेच काम करते, वस्तूंखालची माहिती लिहिते. ही नोकरी तुम्ही गेल्यानंतरची, तुम्हाला ठाऊक नाही.

चपलांचं, फोटोंचं, वंदनेच्या वेळेचं मी चटकन लिहिलं. बुद्धमूर्तीच्या हातांची मुद्राही दोन ओळींत समजावली. अडले ती शेवटच्या प्रश्नाशी. लहानपणचं दृश्य डोळ्यांसमोर आलं: आपल्या स्वयंपाकघरात आई तुमच्या मानेला तेल चोळते आहे आणि तुम्ही खाली मान घालून सांगता आहात, की मचव्यातून विहारासाठी जांभ्या दगडाचे चिरे धक्क्यावर उतरले, पण गावातला एकही गाडीवाला ते वर न्यायला तयार होईना. मग आपल्या वस्तीतल्या बायापुरुषांनी एकेक चिरा डोक्यावर वाहून आणला. तुम्ही तेव्हा विशीचे, आत्या तुमच्याहून लहान. हे मला तोंडपाठ होतं. तरी मी लिहिलं, 'समस्त ग्रामस्थांच्या सहकार्याने ही वास्तू उभी राहिली.' तसं लिही असं मला कोणीही म्हटलं नव्हतं. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी जंजिरा बघायला येणार होत्या, परतताना विहारातही डोकावणार होत्या. त्यांना अवघड वाटू नये असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांच्यासमोर मला अवघड वाटू नये, एवढंच होतं.

चौथीतल्या निबंधातही मी लिहिलं होतं, आमच्या गावात सगळे एकोप्याने राहतात. बाईंनी 'उत्तम' असा शेरा दिला. तुम्ही वही वाचून मिटलीत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं आलंय. पण हे गाव कुठलं?" मला तुमचा फार राग आला होता.

मैत्रिणी आल्या त्या दिवशी आत्या विहाराच्या पायरीवर बसली होती. एकीने पाटी मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "किती छान ना, सगळं गाव एकत्र आलं!" आत्याला वाचता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं.

"बाय, कुठला गाव?" तिने मला विचारलं. "चिरं आमी आणलं डोक्यावरनं. तुझ्या बापाची मान जल्मभर सरळ झाली न्हाय. त्या पाटीवर त्याचं काय हाय?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. आणि मी हसून म्हणाले, "वय झालंय हो तिचं. तिला आता नीट आठवत नाही."

आत्याने पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पायऱ्या उतरून घराकडे गेली. एकेका पायरीवर थांबत. मी तिला हात द्यायलाही उठले नाही.

पुढच्याच आठवड्यात मी कमिटीसमोर उभी राहिले आणि मजकूर चुकलाय म्हणून सांगितलं. "ताई, बरी दिसतेय की पाटी," असं एकदोघं म्हणाले, पण ऐकलं त्यांनी. आता नव्या पाटीवर धक्का आहे, नकार देणारे गाडीवाले आहेत, आपली वस्ती आहे. आत्याला नेऊन वाचून दाखवली. "व्हय, असंच झालं," ती म्हणाली आणि माझ्या हातचा चहा प्यायली. त्या दिवसाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही.

हे पत्र धाडायचं कुठे, म्हणून ते माझ्याच टेबलाच्या खणात राहील. पण एक सांगायचं राहिलं. ऑफिसात त्या दोघी अजून काळजीने विचारतात, "आत्या कशा आहेत? ओळखतात ना तुला?" मी सांगते, "हो, अजून ओळखते."