सोनालीच्या तोंडात चमचा घालू नका

चि. प्रेमला हिस, भीमरावदादाचा जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बोटाला पट्टी होती. आता बरं आहे. आयुष आणि सूनबाई मजेत आहेत.

आठ दिवसांपूर्वी मार्केट यार्डात लसूण घ्यायला गेलो होतो. समोर एका हमालाला फिट आली आणि तो पोत्यासकट कोसळला. तुझ्या सोनालीला फिट आली की आपण करतो तेच मी करायला गेलो. चमचा नव्हता म्हणून त्याच्या दातांत बोट घातलं. त्याने ते करकचून चावलं. लसूणवाली ओरडली, "अहो आजोबा, जीव घ्यायचाय का त्याचा? कुशीवर वळवा!" बोट सुटल्यावर वळवलं, तेव्हा फेस बाहेर आला आणि त्याचा श्वास मोकळा झाला. तो वाचला.

पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाले, चमच्याने दात तुटून घशात अडकतो. दिवाळीत सोनालीचा दात तुटला, तेव्हा चमचा मीच धरला होता. हे फोनवर सांगायला जीभ रेटली नाही.

पुन्हा फिट आली तर पोरीला फक्त कुशीवर वळवा. मी इकडे आयुषकडे आल्यापासून किती वेळा आली? फोनवर तू नुसतं "ठीक आहे" म्हणतेस. खरं ते लिही, आणि लगेच लिही.

तुझा दादा,
भीमराव