आश्रुबाचं पोवळं

९ एप्रिल, मंगळवार
पाडवा. गुढी नाही — बाबांचं वर्ष व्हायचंय अजून.

आदिनाथने पाठवलेला फोटो आला, महिन्याच्या महिन्याला येतो तसा. समुद्राच्या तळाशी लोखंडी चौकट, तिला बांधलेलं बोटभर तपकिरी पोवळं, खाली पाटी : आश्रुबा. मालदीवच्या ज्या रिसॉर्टवर माझा भाऊ आहे, तिथले पाहुणे असं एकेक पोवळं लावतात, आपल्या माणसाचं नाव देतात आणि विमानात बसून घरी जातात. मागे राखण करायची आदिनाथच्या टोळीने. एकदा कामगारांनाही लावू दिलं. त्याने बाबांचं नाव दिलं.

आईने फोन डोळ्यांजवळ धरला. "जरा भरलंय आंगानं." बस्स. फोन माझ्या हातात परत. बाबा गेले तेव्हा आदिनाथ बोटीत होता, फोन लागेना. अग्नी चुलत्याने दिला. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही. पोवळ्याची चौकशी मात्र असते! पहिल्यांदा तर म्हणाली होती, "अंगठीतलं पवळं? ते जितं असतंय व्हय?"

१५ एप्रिल, सोमवार
सकाळचीच शाळा शिकवून सुटते, तरी पालमच्या एसटी स्टँडवर उन्हात उभं राहवत नाही. आदिनाथचा फोन. "ताई, पाणी तापलंय. आत उतरलं की कोमट लागायलंय." म्हटलं, आमच्याकडे ये, टाकीचं पाणी बघ! हसला नाही.

२१ एप्रिल, रविवार
आज मधेच फोटो. पोवळं पांढरं. सगळं, टोकापासून बुडापर्यंत.

मी काही म्हणायच्या आत आईने बघितलं. "आगं बाई! फुटलं की गं!" आणि तोंडभर हसली. जन्म पऱ्हाटीत गेला तिचा. बोंड फुटून पांढरं झालं की पीक हाती आलं, एवढंच तिला ठाऊक. शेजारच्या धुरपताबाईला भिंतीवरून हाक मारून दाखवलं. "आमच्या मालकाच्या नावाचं हाय. कापूस फुटल्यावानी फुटलंय." धुरपताबाईने दोन्ही हात जोडले.

मी गप्प बसले. बाबांनंतर आई अशी हसली नव्हती. कोण बोलणार मधे!

२२ एप्रिल, सोमवार
आदिनाथला विचारलं. म्हणाला, पोवळ्याच्या आत बारीक जीव राहतात, तेच त्याला रंग देतात आणि खायलाही घालतात. पाणी तापलं की ते निघून जातात. पांढरं पडलं म्हणजे उपाशी आहे. मेलेलं नाही. पाणी लवकर निवलं तर रंग परत येतो, नाही तर गेलं.

"आई काय म्हणली?"
"खूश आहे. फुललं म्हणते."
"असू दे मग, ताई. नको सांगू."
बरं, म्हटलं. सोपं होतं.

२६ एप्रिल, शुक्रवार
निवडणुकीची ड्युटी. पाय सुजले. घरी आले तर देवापुढे वाटीत दहीभात. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीला दाखवतो, तसा आईने पोवळ्याला दाखवला होता. माझा फोन माझ्याजवळ, म्हणून नैवेद्य समुद्राच्या दिशेने! तिने पूर्व धरली होती. मी दुरुस्त केलं नाही.

३० एप्रिल, मंगळवार
व्हायचं तेच झालं. आई म्हणाली, "पीक आलं. आता राखण कशाची करायलाय तो? बोलावून घे. आखितीला बापाचा घट त्याच्या हातानं भरू दे."

बरोबरच आहे तिचं. माल घरात आला की राखणदार शेतातल्या आखाड्यावर, खोपीत, राहत नाही. बाबा गेल्यावरची ही पहिली अक्षय्यतृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस, घट मुलाने भरायचा. इतक्या महिन्यांत तिने आज पहिल्यांदा त्याला बोलावलं. आणि ते माझ्या खोटेपणावर. छान!

२ मे, गुरुवार
आदिनाथला सांगितलं.
"आई स्वतः म्हणली?"
"हो."
"येतो."

मग हळूहळू बाकीचं निघालं. दिवसभर चौकटी सोडवून खोल, थंड पाण्यात न्यायचं काम चालू आहे. पाहुण्यांच्या आधी, कामगारांच्या शेवटी. माणसं कमी. आत्ता सुट्टी मागितली तर परत येऊ नको म्हणालेत. बाबांची चौकट अजून वरच, तापल्या पाण्यात आहे. "पण आईनं बोलावलं तर न येऊन कसं चालंल?"

गोदावरीत पोहायला शिकलेलं हे पोरगं, तिकडे त्याला काम सापडलं, आवडलं. ते माझ्यामुळे जाणार. स्वतःची भयंकर चीड आली.

५ मे, रविवार
सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. कुरडया घातल्या.

७ मे, मंगळवार
आदिनाथचा मेसेज — उद्या दुपारच्या बोटीने निघतो.

गच्चीवर आई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. सांगून टाकलं. पांढरं म्हणजे फुटलं नाही, आजारी आहे. जगेल का माहीत नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं.

वाटलं, रडेल. नाही तर मला बोलेल. ती कुरडया भरतच राहिली. डब्याला झाकण लावलं आणि म्हणाली, "म्हंजी दहीभात म्या दुखणाईताला दावला?"
"हो."
"आन् त्याच्यापाशी कोन हाय?"
"आदिनाथ."
डबा उचलून खाली गेली. रात्री जेवली नीट. माझ्याशी बोलली नाही.

१० मे, शुक्रवार
परवा बोट सुटायच्या आधी आईनेच माझ्याकडून फोन मागून घेतला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "येऊ नको. बापाच्या दुखण्यात तू जवळ नव्हतास. आता ह्याला दुखण्यात टाकून येतोस व्हय? तितंच ऱ्हा." पलीकडून रडण्याचा आवाज मलाही आला. आई "जेवलास का?" म्हणाली.

आज बाबांचा घट मी भरला. आईनेच भरायला लावला. नंतर आदिनाथला फोन केला, लागला नाही. आई म्हणाली, "पान्यात असंल. राहू दे."